घडी न मोडलेलं पुस्तक

१९३३ सालच्या मार्गशीर्षात सोलापूरच्या मल्लप्पा कापडवाल्यांना साताऱ्याहून एक पत्र आलं. ते वाचून त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला अर्धवट फाडलेल्या खणासकट तसंच बसवून ठेवलं आणि घराची वाट धरली. मल्लप्पा अठ्ठावन्न वर्षांचे. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अंग भरलेलं, आणि चाटी गल्लीतल्या दुकानापासून शुक्रवार पेठेतल्या घरापर्यंत जायचं म्हणजे वाटेत तीन ठिकाणी टेकून दम खायची सवय. त्या दिवशी ते एकदाही टेकले नाहीत. रस्त्यात दोघांनी नमस्कार केला, तो त्यांनी पत्रानंच स्वीकारला, म्हणजे पत्र धरलेला हात वर केला आणि पुढं निघाले.

नागव्वा, त्यांची बायको, सोप्यात बसून शेंगदाण्याची चटणी कुटत होती.

“नागव्वा, माझं पुस्तक दुर्मिळ झालंय.”

“अगबाई. काय झालंय म्हंजे त्याला?”

“दुर्मिळ. म्हणजे कुठंच मिळत न्हाय.”

नागव्वानं मुसळ थांबवलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. “ते कधी मिळत हुतं?” तिनं विचारलं.

हा टोमणा एरवी त्यांना आठवडाभर पुरला असता, पण आज मल्लप्पांच्या अंगाला काही लागत नव्हतं. त्यांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. लिहिणारे आबासाहेब नावाचे कुणी इनामदार होते आणि वीस वर्षं जुनी मराठी पुस्तकं जमवत होते. सोलापुरात सन १९०९ मध्ये छापलेलं ‘वस्त्रसंसारदर्पण’ हे पुस्तक अत्यंत दुर्मिळ असून आपण त्याच्या शोधात महाराष्ट्र पालथा घातला, पण एकही प्रत डोळ्यांना दिसली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. खुद्द ग्रंथकर्त्याकडं एखादी प्रत असेल, विशेषतः पानं न कापलेली, तर ती पाहण्यासाठी येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं येत आहोत. ‘खुद्द ग्रंथकर्ते’ हे शब्द मल्लप्पांनी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा जरा शेजारच्या भिंतीकडं तोंड करून वाचले, कारण पलीकडं काशम्मा राहायची आणि तिचे कान तिखट होते.

आता या पुस्तकाची हकिगत सांगायला हवी. चोविसाव्या की पंचविसाव्या वर्षापासूनच मल्लप्पांना वाटायचं की कापडाबद्दल आपल्याला जेवढं कळतं तेवढं जगात कुणाला कळत नसेल. रेशीम कसं ओळखावं, कोणता रंग पहिल्या धुण्याला जातो, कोणत्या डागाला काय लावावं, पैठणीच्या घडीत कडुनिंबाचा पाला किती ठेवावा, असं सगळं त्यांनी पुढं तिशी उलटल्यावर दोन वर्षं बसून लिहून काढलं. लिहिताना हात सैल सुटला आणि मनात आलं ते सगळं उतरलं. लिहून संपलं त्याच वर्षी एका गृहस्थानं सोलापुरात छापखाना काढला होता. त्यानं मल्लप्पांचं पुस्तक छापलं, दोनशे प्रती बांधल्या आणि तिसऱ्या महिन्यात छापखाना गुंडाळून हैदराबादेकडं निघून गेला. त्या छापखान्यातून बाहेर पडलेलं हे एकच पुस्तक.

पण खरी गोष्ट बांधणीची आहे. छापलेले मोठे कागद घडी घालून शिवले, की कडा कापाव्या लागतात. नाहीतर दोन पानं उघडतात आणि पुढची दोन घडीत बंद राहतात. “कडा कापून देऊ ना?” असं छापखानेवाल्यानं विचारलं, तेव्हा मल्लप्पांना धक्का बसला होता. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या कापड विकलं गेलं होतं. कोऱ्या मालाची घडी दुकानदारानं मोडायची नसते, घडी मोडायचा मान गिऱ्हाइकाचा. नवं लुगडं पहिल्यांदा नेसणं म्हणजेच घडी मोडणं, आणि ती दुसऱ्या कुणी मोडून दिली तर लुगडं वापरलेलं झालं. “घडी तशीच ठेवा,” मल्लप्पांनी मोठ्या रुबाबात सांगितलं. दोनशे प्रती घडी न मोडता बांधल्या गेल्या. त्यातल्या अकरा विकल्या गेल्या. उरलेल्या पुढच्या दहा वर्षांत नागव्वानं लग्नामुंजीत, बारशात, वास्तुशांतीत खणासोबत आहेर म्हणून देऊन टाकल्या.

आणि त्यानंतर सगळीकडं गप्प. चोवीस वर्षांत कुणी आलं नाही, ‘अण्णा, तुमचं अमुक पान वाचलं’ असं म्हणालं नाही, निदान नावं ठेवली असंही नाही. मल्लप्पांनी सुरुवातीला वाट पाहिली. मग ‘लोकांना वेळ नसतो’ असं स्वतःला समजावलं. मग तो विषयच मनाच्या तळाशी ठेवून दिला. आज या पत्रानं तो वर काढला होता. पुस्तक कुठंच मिळत नाही याचा अर्थ एकच असू शकतो, असं त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं होतं: लोकांनी वाचून वाचून त्याच्या चिंध्या केल्या. दोनशेच्या दोनशे.

“मग साहेबाला काय दाखवनार?” नागव्वा म्हणाली. “आपल्या घरात तर एक बी न्हाय. शेवटलं आपल्याच लेकीच्या नणंदेला दिलं.”

घरात आपल्याच पुस्तकाची प्रत नाही, याचासुद्धा मल्लप्पांना त्या भरात अभिमानच वाटला. नागव्वाला मात्र कुणाला काय आहेर दिला, कधी दिला, आणि त्या बदल्यात काय आलं, हे सगळं तोंडपाठ होतं. या बाबतीत पेठेतल्या बायकांची स्मरणशक्ती न्यायाधीशाला लाजवील अशी असते. दोघं शोधाला निघाले आणि आधी भिंतीपलीकडं काशम्माकडं गेले. काशम्मा कडक भाकऱ्या करून विकायची. परातीतलं पीठ झटकत ती बाहेर आली.

“ते पुस्तक व्हय? लई चांगलं पुस्तक, अण्णा,” ती म्हणाली.

मल्लप्पा एक पाऊल पुढं सरकले. चोवीस वर्षांनी आलेलं हे पहिलं वाक्य होतं. “काय चांगलं वाटलं?” त्यांनी विचारलं.

“सात वर्सं आमच्याकडं हुतं की. उंदरानं शिवलं न्हाय का कसरीनं खाल्लं न्हाय. मग गंगम्माच्या लेकीच्या लग्नात दिलं. जसं आलं तसं दिलं, एक घडी मोडली न्हाय,” काशम्मा म्हणाली, आणि हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली की जणू तिनं ठेव सांभाळली होती.

मल्लप्पांनी त्यातलं ‘लई चांगलं’ तेवढं ऐकलं. माणूस हुरळला की त्याचे कान चाळणीसारखे होतात. गंगम्माकडून ते आणखी सहा घरं फिरून एका बारशात पार्वतम्माकडं आलं होतं. पार्वतम्मानं ट्रंक उघडली, वरची तीन लुगडी बाजूला केली, आणि मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक दोन्ही हातांनी काढून त्यांच्यासमोर धरलं. पुठ्ठा अगदी जसाच्या तसा होता. फक्त त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. मल्लप्पांनी मोजली. नऊ होती. म्हणजे पुस्तकानं नऊ मंगलकार्यं पाहिली होती.

“थोरल्याच्या लग्नात याह्यांना द्यायचं म्हनून ठेवलंय,” पार्वतम्मा जरा नाराजीनं म्हणाली. “पर साहेबासाटी म्हनता तर न्या.”

परत येताना मल्लप्पांनी चालता चालता पुस्तक उघडलं. दोन पानं उघडली, पुढची दोन बंद. परत दोन उघडी, दोन बंद. नऊ घरं फिरलेलं पुस्तक, आणि आत अजून एकाही माणसाची नजर शिरलेली नव्हती. त्यांनी पुस्तक मिटलं. पण ही एक प्रत आहेरात अडकली, एवढंच. बाकीच्या एकशे नव्याण्णव वाचल्या गेल्या असणार, असं त्यांनी ठरवलं आणि घरी पोचेपर्यंत त्यांची पावलं पुन्हा हलकी झाली. त्या संध्याकाळी त्यांनी दुकानात चार गिऱ्हाइकांना, देवळात पुजाऱ्याला आणि हजामाला, साबण तोंडावर असताना, दुर्मिळ या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. सोमवारपर्यंत पेठेत एकही माणूस उरला नाही ज्याला ठाऊक नव्हतं की मल्लप्पाअण्णांच्या पुस्तकासाठी साताऱ्याहून साहेब येतोय.

आबासाहेब आले ते टांग्यातून. उंच, सडपातळ, रेशमी फेटा, खिशात भिंग. सोप्यात गालिचावर बसून त्यांनी आधी हात धुतले, पुसले, मग पार्वतम्माची प्रत हातात घेतली. ती त्यांनी हुंगली. कडेवरून बोट फिरवलं. कुंकवाची बोटं भिंगातून पाहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

“न कापलेली,” ते म्हणाले. “मल्लप्पाशेठ, याला काय म्हणावं. नऊ मंगलकार्यांची खूण अंगावर आणि पानाला धक्का नाही.”

“पण साहेब, दुर्मिळ व्हायला पुस्तक चांगलं लागत असंल न्हवं?” मल्लप्पांनी हळूच विचारलं. उत्तर काय येणार याची त्यांना खात्री होती.

“चांगलं असावं असं काही नाही,” आबासाहेब मोकळेपणानं म्हणाले. “थोडं छापलेलं असावं, बरंचसं हरवलेलं असावं, आणि माझ्यासारखा एखादा वेडा त्याच्या मागं लागलेला असावा. त्यातून छापखान्याचं हे एकच पुस्तक. एकच प्रत.”

“आणि वाचलेलं?”

“छे छे. वाचलेलं नसलं तर फारच उत्तम.”

तेवढ्यात दारात निंगप्पा शिंपी उभा राहिला. त्याच्या हातात ‘वस्त्रसंसारदर्पण’ होतं. शिवणाच्या यंत्राचा एक पाय आखूड पडत होता, त्याखाली ते अकरा वर्षं होतं, म्हणून चार कोपऱ्यांपैकी एक दबला होता. “साहेब बघतोय म्हणं, म्हणून आणलं,” तो म्हणाला. आबासाहेबांनी हसून ती प्रत घेतली. दोन प्रती म्हणजे अजूनही नवलच होतं.

मग काशम्मा आली, माहेराहून मागवलेली एक प्रत घेऊन. मग बसव्वा आली ती चार घेऊन, कारण तिच्या घरात चार सुना आल्या होत्या आणि चौघींच्या आहेरात एकेक आलं होतं. पाचव्या प्रतीला आबासाहेबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. बाराव्या प्रतीला घाम पुसला. यजमानाला मदत करावी, पाहुण्यासमोर अण्णांची मान वर राहावी, या प्रेमापोटी सगळी पेठ ट्रंका उपसत होती, आणि दर नव्या प्रतीबरोबर पुस्तक थोडं थोडं कमी दुर्मिळ होत होतं. सतराव्या प्रतीला आबासाहेबांनी मल्लप्पांचा हात धरला.

“शेठ, यांना थांबवा,” ते कुजबुजले. “दहापर्यंत ठीक होतं. आता हे नुसतं पुस्तक होत चाललंय.”

पण थांबवणार कोण. दुपारपर्यंत सोप्यात सदतीस प्रतींची थप्पी लागली. त्यांतल्या काहींवर कुंकू होतं, काहींवर अक्षता चिकटल्या होत्या, एकीत तर कुण्या वधूच्या मुंडावळीचा मोती अडकला होता. मल्लप्पा मात्र आबासाहेबांकडं पाहत नव्हते. ते एकेक प्रत उचलत होते, उघडत होते आणि खाली ठेवत होते. दोन पानं उघडी, दोन बंद. सदतीसच्या सदतीस.  दुःख मोठं आणि कारण हास्यास्पद असलं की माणसाला रडायचीही सोय राहत नाही. मल्लप्पांची तशी अवस्था झाली.

“एक विचारू का सगळ्यांना?” ते म्हणाले. सोप्यात, अंगणात, दारात पन्नासएक माणसं होती. “कुणी वाचलंय का हे?”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी काशम्मानंच तोंड उघडलं. तिचा आवाज मऊ होता. “अण्णा, आहेराची घडी कशी मोडायची? फुडं द्यायचं असतं की. तुमीच तर कापडाच्या घराण्यातले.”

बरोबर होतं. त्यांनीच तर रुबाबात सांगितलं होतं, घडी तशीच ठेवा म्हणून. पेठेनं चोवीस वर्षं त्यांचा शब्द पाळला होता. मल्लप्पांनी नागव्वाकडं पाहिलं. ती छापील बालबोध अक्षर वाचायची, हळू, बोट ठेवून, पण वाचायची. “तू बी न्हाय?” त्यांनी विचारलं.

“तुमी कधी वाच म्हनालात?” ती म्हणाली. “मला वाटलं, द्यायला छापलंय.”

मल्लप्पा खांबाला टेकून खाली बसले. त्याच वेळी दारातली गर्दी बाजूला सारत दगडाबाई परटीण आत आली. पेठेतल्या अर्ध्या घरांचं धुणं ती धुवायची. काखेत कापडाच्या बोचक्यासारखं काहीतरी होतं. सुतळीनं आवळलेलं, पाणी पिऊन फुगलेलं, एका कडेला निळीचा डाग, दुसऱ्या कडेला काजळी. तिनं ते मल्लप्पांच्या पुढ्यात ठेवलं तेव्हा सगळ्यांना कळलं की हेही तेच पुस्तक आहे.

“मालक, तुमी पुस्तकं गोळा करताय म्हनं. मी द्यायला न्हाय आले,” दगडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “मी भांडायला आलेय.”

“कशाबद्दल?” मल्लप्पांनी मरगळल्या आवाजात विचारलं.

“पान बेचाळीस.”

मल्लप्पांनी मान वर केली.

“बेचाळीस पानावर तुमी लिवलंय, काळ्या चंद्रकळेवर तेलाचा डाग पडला तर लिंबाच्या फोडीला मीठ लावून चोळावं, डाग तत्काळ जातो. लिवलंय का न्हाय?”

“लिवलंय,” मल्लप्पा म्हणाले. ते आता उभे राहत होते.

“चोळलं मी. डाग गेला, आन् संगं चंद्रकळा बी गेली. मुठीएवढा तांबूस ठिपका पडला मधोमध. बाई किती बोलली म्हनून सांगू. मालक, हिराकशीनं रंगवलेल्या काळ्याला लिंबू चालत न्हाय. त्याला शाडू लावून उनात ठेवायचं. एवढं साधं तुमाला ठावं न्हवतं, तर लिवायचं कशाला?”

“हिराकशीच्या काळ्याला,” मल्लप्पा पुटपुटले. “आणि निळीवर चढवलेल्या काळ्याला?”

“त्याला चालतं. पर ते तुमी येगळं करून लिवलं न्हाय की. आन् पान एकोणीस, रिठ्याचं माप. त्येवढ्या रिठ्यात हत्ती धुऊन निघंल. आन् पान सत्तर, ते मातूर सोळा आने खरं हाय. रेशमाला शेवटी ताकाचं पानी. तेवढ्यासाटी तुमाला दुवा देते मी. बाकीच्यासाटी न्हाय.”

तिनं पुस्तक उघडलं. सगळी पानं मोकळी होती, कडा विळीनं कापल्यासारख्या वेड्यावाकड्या. समासात कोळशाच्या पेन्सिलीनं फुल्या, रेघा आणि काही ठिकाणी ‘खोटं’ असं मोठ्या अक्षरात. तिचा बाप शाळेत शिपाई होता आणि त्यानं तिला चार बुकं शिकवली होती. तिच्या लग्नात नागव्वानं खणासोबत ही प्रत दिली होती.

“पण तू घडी कशी मोडलीस?” काशम्मानं न राहवून विचारलं.

“मी परटीण. रोज शंभर घड्या मोडते आन् शंभर घालते,” दगडाबाई म्हणाली. “मला कशाचं भ्या?”

मल्लप्पा हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग खांद्यांनी, मग सगळ्या देहानं, आणि डोळ्यांतून धारा लागल्या तरी हसू थांबेना. चोवीस वर्षांत कुणी तरी त्यांचं पुस्तक वाचलं होतं, नुसतं वाचलं नव्हतं तर त्याच्याशी भांडत भांडत धुणी धुतली होती. याहून जास्त माणसाला काय हवं असतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. आबासाहेबांनी भिंग लावून दगडाबाईची प्रत पाहिली आणि सभ्यपणानं बाजूला सारली.

“ही प्रत बाद आहे,” ते म्हणाले.

“साहेब, हीच एक प्रत हाय,” मल्लप्पा म्हणाले. “बाकीची थप्पी हाय. नागव्वा, अडकित्ता आण. निंगप्पा, कात्री काढ. ज्याच्या त्याच्या प्रतीची घडी ज्यानं त्यानं मोडायची. चोवीस वर्सं उशीर झालाय.”

“अहो, काय करताय,” आबासाहेब उठून उभे राहिले. “न कापलेल्या प्रती आहेत त्या. अशी पानं कापणं म्हणजे,” आणि ते अचानक थांबले. त्यांनी थप्पीकडं पाहिलं, मग हातातल्या पार्वतम्माच्या प्रतीकडं पाहिलं. चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. “शेठ, किती कापणार?”

“सगळ्या.”

“सगळ्या म्हणजे, ही सोडून?”

“ती तुमची. न्या खुशाल.”

यानंतर आबासाहेबांइतक्या हौसेनं कुणीच कामाला लागलं नाही. त्यांनी बाह्या सारल्या, खिशातला चाकू काढला, आणि ‘ही राहिली बरं का, त्या कोपऱ्यात एक आहे, बसव्वाबाई, तुमची चौथी कुठं गेली’ असं करत सगळ्यांच्या मागं लागले. विळी, कात्री, अडकित्ता, उलथनं, केसातले आकडे, हाताला लागेल त्यानं पेठ पुस्तकं कापत होती. कुणी तरी हळदीकुंकवाचा करंडा आणला, कारण घडी मोडायची तर कुंकू लावून मोडायची. कागदाचा भुसा गालिचावर साचला. कापता कापता एकेकजण वाचायला लागला, आधी मनात, मग मोठ्यानं. निंगप्पानं शिंप्यांबद्दलचं पान वाचून कपाळावर हात मारून घेतला. बसव्वाच्या धाकट्या सुनेला पैठणीच्या पदरावरचं वर्णन इतकं आवडलं की तिनं ते तीनदा वाचलं. दगडाबाई मध्येच ‘ते खोटं हाय’, ‘ते खरं हाय’ असे निवाडे देत होती. मल्लप्पा एकाकडून दुसऱ्याकडं असे फिरत होते की जसं काही त्यांचंच लग्न चाललंय आणि वऱ्हाडाला वाढायचं त्यांच्यावरच आहे.

नागव्वा खांबापाशी बसली होती. बसव्वाच्या चारांतली एक प्रत मागून घेऊन तिनं तिची घडी शांतपणे मोडली होती आणि बोट ठेवून ती ओळीमागून ओळ वाचत होती. एका ठिकाणी बोट थांबलं. मागं गेलं. पुन्हा पुढं आलं.

“ओ,” तिनं हाक मारली. आवाज मोठा नव्हता, पण सोपा गप्प झाला. “हे पान तेहतीस. तरुण दुकानदारांस सूचना. दुकानाचे तोंड उन्हाकडे नसावे. आत एकच दिवा ठेवावा. म्हणजे फिका रंगही गडद दिसतो, आणि गिऱ्हाईक उन्हात जाऊन पाहीपर्यंत गल्ली ओलांडून गेलेले असते.”

चाटी गल्लीतलं मल्लप्पांचं दुकान उत्तरेला तोंड करून होतं आणि आत एकच दिवा होता. ही गोष्ट सगळ्या पेठेला एकाच वेळी आठवली. पन्नास चेहरे त्यांच्याकडं वळले. आपण असलं काही लिहिलं होतं हे मल्लप्पा पार विसरून गेले होते. ते पान इतकी वर्षं घडीत सुरक्षित होतं.

“आपल्या लग्नाचं लुगडं तुमच्याच दुकानातलं,” नागव्वा म्हणाली. “मोरपंखी म्हनून मी निवडलं, तुमच्या वडलांनी दाखवलं. घरी येऊन उनात बगितलं तर करडं. अडतीस वर्सं मी म्हनतेय, माझ्याच डोळ्यात काय तरी दोष आसंल.”

कुणी हसलं नाही. मल्लप्पा खांबापाशी आले.

“तुमचा दोष न्हवता, नागव्वा,” ते म्हणाले. बायकोला त्यांनी जन्मात कधी ‘तुमचा’ म्हटलं नव्हतं, पण त्या वेळी निघून गेलं. “दिव्याचा हुता.”

“उद्या सकाळी मी दुकानात येनार. मोरपंखी लुगडं काढायचं आन् भाईर उनात न्हेऊन बगायचं. मनासारखं मिळंपतुर घड्या मोडनार.”

“मोड की.”

“पन्नास मोडाव्या लागतील.”

“शंभर मोड.”

आता मात्र काशम्मा फसकन हसली, आणि तिच्यामागून सगळी पेठ. दोघीतिघींनी लगेच आपापल्या लुगड्यांच्या तक्रारी काढल्या. आपणही उद्या सकाळी दुकानात येतो, असं सांगून ठेवलं. आबासाहेब आपली प्रत रेशमी रुमालात गुंडाळून उठले. मल्लप्पांनी त्यांना टांग्यापर्यंत पोचवलं आणि थप्पीतली एक कापलेली प्रत पुढं केली. “ती ठेवायला. ही वाचायला,” ते म्हणाले. आबासाहेब जरा घुटमळले आणि त्यांनी ती घेतली.

परत आले तेव्हा नागव्वा तिथंच खांबापाशी होती. पुस्तक एकशे बारा पानांचं होतं आणि ती अजून तेहतिसाव्यावर होती. मल्लप्पांना आता पुढची पानं हळूहळू आठवायला लागली. अठ्ठावन्नाव्यावर नागव्वाच्या वडलांच्या चिकटपणाबद्दल काही तरी होतं. एक्क्याऐंशीवर बायकांच्या घासाघिशीबद्दल, आणि त्यात उदाहरण घरचंच होतं. शहाण्या माणसानं या घटकेला दुकान गाठलं असतं.

“बसा हितं,” नागव्वा मान वर न करता म्हणाली. “हे फुडचं उघडत न्हाय. माझी एक घडी राहून गेली वाटतं.”

मल्लप्पा तिच्याशेजारी बसले, अडकित्ता उचलला आणि ती घडी त्यांनी स्वतःच्या हातानं मोडून दिली.